अंधारातला पांढरा शर्ट

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्याच्या मालकाने सोनिवलीच्या हिराजीला फसवलं, आणि फसवायला माझा कॅमेरा वापरला. हे आधीच सांगून टाकतो. दिवाळी अंकात लोक माणसाच्या चांगल्या आठवणी वाचायला बसतात, त्यांची उगाच वाट बघायला नको.

माझं नाव अंकात छापलेलंच आहे. धंदा कॅमेरे बसवण्याचा. राहणार विठ्ठलवाडी, डेपोच्या मागची चाळ. आधी टीव्ही दुरुस्त करायचो, मग फोटो स्टुडिओवाल्यांचे फ्लॅश, आणि दोन हजार साल उलटल्यावर भिंतीवरचे कॅमेरे. कुणी शिकवलं नाही. उल्हासनगरात कॅम्प तीनला परसूदादाचं सुट्या भागांचं दुकान होतं, तिथे उभं राहून शिकलो. परसूदादा म्हणजे सिंधी म्हातारा, भाव एकदा सांगितला की देवाला पण कमी करायचा नाही. मी देवापेक्षा चिवट. आमची एकेका लेन्सवरून अशी जुंपायची की शेजारचे दुकानदार स्टूल घेऊन ऐकायला बसायचे. पण खोटा माल त्याने मला कधी दिला नाही. कुठला माल आत कसा आहे, हे न विचारता सांगायचा. लोक उल्हासनगरच्या मालाबद्दल काय काय बोलतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

कॅमेऱ्यात बघणारा भाग लेन्स नाही. लेन्स म्हणजे नुसती खिडकी. बघते ती आतली चिप, बोटाच्या नखाएवढी. तिच्यावर लाखो बारीक वाट्या मांडल्यात असं समजा. उजेड पडला की वाट्या भरतात, जिथे जास्त उजेड तिथे जास्त भरतात. आता हे भरलेलं मोजायचं कसं, यावरून दोन जाती. जुनी जात सीसीडी. तिचं काम स्लॅबच्या दिवसासारखं. माणसं रांगेत उभी, घमेलं या हातातून त्या हातात, शेवटी एकच जण ओतून घेतो. वेळ लागतो, वीज खाते, पण सांडलवंड कमी. दुसरी जात सीमॉस. तिथे प्रत्येक वाटीपाशी तिचा स्वतःचा मापाडी बसवलेला. काम झटपट, चिप स्वस्त. पण तेव्हाचे मापाडी कच्चे होते. उजेड कमी झाला की चुकीची मापं सांगायचे आणि चित्रात मुंग्या चालल्यासारखं दिसायचं. बाजारात दोन्ही जातींचे कॅमेरे बाहेरून सारखेच दिसायचे. पुष्कळ जण सीमॉस देऊन सीसीडीचे पैसे घ्यायचे. मी घेतले नाहीत. मला भांडून जास्त घ्यायची सवय आहे, लपवून नाही.

आणखी एक गोष्ट परसूदादाने शिकवली. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं. आपल्या डोळ्याला काही दिसत नाही, पण पडद्यावर रिमोटच्या टोकाला दिवा पेटलेला दिसतो. माणसाला तांबड्याच्या पलीकडचा उजेड दिसत नाही, चिपला दिसतो. म्हणून दिवसाच्या कॅमेऱ्यात चिपसमोर एक पातळ काच बसवतात, ती हा जादा उजेड अडवते. अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्यात ती काच नसते. उलट लेन्सच्या भोवती रिमोटसारखेच दिवे लावतात. आपल्याला काळोख, कॅमेऱ्याला लख्ख.

"आँख तेज है, पर रंग की अंधी," परसूदादा म्हणायचा. "किसी को बेचना तो ये बोलके बेचना, साईं."

बोलून विकायचो, पण लोकांना वाटायचं हा भाव वाढवायला काहीतरी सांगतोय. बेलवलीत एका सोसायटीतल्या काकूंच्या जास्वंदीची फुलं रोज पहाटे कोणीतरी न्यायचं. त्यांनी हट्टाने अंधारातलाच कॅमेरा घेतला. बसवला त्या दिवशी भर दुपारी मला परत बोलावलं. पडद्यावर त्यांची तुळस पांढरीफटक. झाडाच्या पानावरून हा तांबड्यापलीकडचा उजेड भरपूर परत फिरतो, म्हणून पानं पांढरी दिसतात. काकू म्हणाल्या, माझी हिरवीगार तुळस वाळलेली दाखवतोस, घरात अपशकुन आणलास. मी समजावलं, त्या ऐकेनात. शेवटी कॅमेऱ्याचं तोंड तुळशीवरून फिरवून दिलं. फुलं खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर नेत होते. त्यांची पूजा काकूंपेक्षा लवकर असायची एवढंच.

दुसरी गोष्ट कॅम्प पाचची. हरेशभाई म्हणून जीन्स शिवून घेणारे होते, वरच्या माळ्यावर शिलाई, खाली माल. त्यांनी गोदामात कॅमेरा बसवून घेतला. संध्याकाळी वीज गेली, कॅमेरा आणि टीव्ही इन्व्हर्टरवर चालू, आणि त्यांचा फोन, आवाज चढलेला. गडद निळ्या पॅंटींचे ढीग ठेवले होते, कॅमेऱ्यात पांढऱ्या पॅंटींचे ढीग दिसत होते. त्यांनी दोन कारागिरांची गचांडी धरली होती, माल बदलला म्हणून. मी धावत गेलो, टॉर्च मारून ढीग दाखवला. निळाच होता. हरेशभाई एकदा ढिगाकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्या दोघांना स्वतःच्या हाताने चहा दिला आणि सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले, गलती मेरी थी. तेव्हा मला ती फार मोठी गोष्ट वाटली नाही. आज वाटते.

त्या दिवसापासून मी कापडं तपासायचा नाद घेतला. सगळंच काळं पांढरं होत नाही. काही काळं काळंच राहतं. कापडाला रंग कसला दिलाय त्यावर आहे. टेरिकॉटच्या, पॉलिएस्टरच्या काळ्याचा भरवसा नाही. डोळ्याला कोळसा, कॅमेऱ्याला चुना.

आता कारखाना.

दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग म्हणजे नेमाने येणारा पाहुणा. तिन्हीसांजेला वीज जायची, आणि त्याच वेळी कारखान्याच्या मागच्या गोदामातून महागड्या रसायनाचे डबे कमी होत होते. मालकांनी मला बोलावलं. शिकलेला माणूस, रसायनशास्त्रातली पदवी. संपादकांनी नाव छापणार नाही म्हणून सांगितलंय, तेव्हा त्यांना शेठ म्हणतो. ते मला मिस्त्री म्हणायचे. मी मिस्त्री नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि परत मिस्त्रीच म्हणाले.

घासाघीस दुपारभर चालली. त्यांना अंधारात दिसणारा चांगला सीसीडी हवा होता, आणि भाव सीमॉसचा द्यायचा होता. मी दोनदा पिशवी उचलून दरवाज्यापर्यंत गेलो. शेवटी मागच्या गोदामाला सीसीडी, बाकी ठिकाणी साधे, असं ठरलं. कॅमेरे आणि त्यांचे दिवे इन्व्हर्टरवर घेतले. काम झाल्यावर मी नेहमीसारखं सांगितलं, शेठ, अंधारात माणूस दिसेल, कपड्याचा रंग खरा दिसणार नाही, त्यावर जाऊ नका.

शेठ हसले. "रंगाचं तू मला शिकवणार, मिस्त्री?"

मला राग आला, पण पैसे घ्यायचे होते. पिशवी आवरली.

हिराजी तिथल्या हमालांचा मुकादम. बदलापूरजवळच्या सोनिवलीचा, जुन्या शेतकरी घरातला. कारखाना सुरू झाल्यापासून गाडी भरणं-उतरवणं त्याच्या टोळीकडे. बुटका, खांद्याने रुंद, बोलायला तिखट. मी शिडीवर चढलो की खालून ओरडायचा, "जपून रं, पडलास तं तुझा पिच्चर कोन काढंल?" शेठना हमालीचं काम एका कंत्राटदाराला द्यायचं होतं. हिराजी आडवा आला होता. टोळीतला एकही माणूस कमी होणार नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. हे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं, मलाही.

मग एका संध्याकाळी वीज गेलेली असताना मागच्या कॅमेऱ्यात एक माणूस दिसला. पाठमोरा. खांद्यावर डबा, कंपाउंडच्या भिंतीकडे चाललेला. तोंड दिसत नाही. कपडे पांढरे. हमालांना कारखान्याकडून पांढरे सुती शर्ट मिळायचे. त्या वेळी मागच्या बाजूला दोनच माणसं होती. शेवटचा टेम्पो लावून देणारा हिराजी, आणि काळ्या पॉलिएस्टरच्या गणवेशातला वॉचमन.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी टीव्ही बाहेर काढून गेटपाशी ठेवला आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला ते चित्र दाखवलं. सोनिवलीची आणखी माणसं तिथे कामाला होती, त्यांनीही बघितलं. शेठ एवढंच म्हणाले, शर्ट कुणाचा ते तुम्हीच सांगा. हिराजी म्हणाला, शर्ट माझ्यासारखा हाय, मानूस मी नाय. त्याला तिथूनच परत पाठवलं. पोलिसात तक्रार केली नाही. गरीब माणसाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा, असं शेठ सगळ्यांना सांगत होते. लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. थोड्याच दिवसांत कंत्राटदाराची माणसं आली.

मला यातलं काही कळलं नव्हतं. रंगाच्या कारखान्यात लेन्सवर भुकटी बसते, ती पुसायला मी पुढच्या फेरीला गेलो, तेव्हा ऑफिसमधल्या कारकुनाने कौतुकाने ते चित्र दाखवलं. तुमच्या कॅमेऱ्याने चोर धरला म्हणाला. मी बघितलं आणि परत लावायला सांगितलं. पाठमोऱ्या माणसाचा शर्ट पांढरा होता तशीच पॅंटही पांढरी होती. मानेपासून घोट्यापर्यंत एकच पांढरा. मला हरेशभाईंचा ढीग आठवला.

वॉचमननेच डबा नेला असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. त्या दिवशी हिराजीने कुठली पॅंट घातली होती ते मला ठाऊक नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या चित्रावरून कुणाचंही नाव घेता येत नाही. काळे कपडेही तसेच दिसले असते, पांढरेही तसेच. पांढऱ्या शर्टावरून नाव घ्यायचं तर काळ्या शर्टाचंही घ्यायला हवं होतं.

मी गणवेशाचा एक जुना शर्ट वॉचमनच्या खोलीतून मागून घेतला, पिशवीतून छोटा पडदा आणि कॅमेरा काढला आणि शेठच्या केबिनमध्ये गेलो. खिडकीचे पडदे ओढले. शर्ट खुर्चीवर टाकला. पडद्यावर खुर्चीवर पांढरा शर्ट. मला वाटलं, आता हा माणूस हरेशभाईंसारखा बघत राहील.

शेठनी चष्मासुद्धा सरळ केला नाही.

"हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "कापडाचा या जातीचा काळा रंग मीच बनवतो. तांबड्याच्या पुढचा उजेड तो धरत नाही, परत फेकतो. तू दाखवायची गरज नव्हती."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे?

"तू कॅमेरा बसवलास त्याच्या आधीपासून."

"मग हिराजीला काढला कशाला?"

"मी त्याचं नाव घेतलं का? मी म्हटलं, शर्ट कुणाचा ते तुम्ही सांगा. त्याच्या गावच्याच माणसांनी सांगितलं. मिस्त्री, तुझे पैसे चुकते झालेत ना?"

माझा आवाज नेहमीच मोठा असतो. त्या दिवशी तो गेटपर्यंत गेला असावा. मी शर्ट टेबलावर आपटला, शेठचा चहा सांडला, आणि जे बोललो ते या अंकात छापता येणार नाही. दोन माणसांनी मला पिशवी आणि शर्टासकट धरून बाहेर काढलं. त्यानंतर त्या पट्ट्यातल्या एकाही कारखान्यात मला काम मिळालं नाही. माणूस भांडकुदळ आहे, असं शेठनी सगळीकडे सांगितलं. ते खरंच आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तडक सोनिवलीला गेलो. वाटलं होतं, हिराजी मला बघून खूश होईल. तो ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं, पिशवी उघडायला लागलो.

"मना कशाला दाखवतंस?" तो म्हणाला. "मना म्हायती हाय मी नाय नेला. त्यांना दाखव." आणि मान घरातल्या एका रिकाम्या कोपऱ्याकडे केली.

त्या कोपऱ्यात गावकीची भांडी असायची. बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या भागातल्या गावांत लग्नाला, हळदीला लागणारे मोठे टोप, पराती, झारे सगळ्या गावाच्या मालकीचे असतात, आणि ते एका घरी ठेवतात. ज्याच्या घरी ठेवतात त्याच्यावर कोणी नजर ठेवत नाही. तोच त्याचा मान. हिराजीच्या आजाकडे ती भांडी होती, मग बापाकडे, मग त्याच्याकडे. गेटवरचं चित्र बघून आलेल्या माणसांनी गावात सांगितलं, आणि त्याच आठवड्यात गावकीची चार माणसं येऊन भांडी घेऊन गेली. कोणी शिवी दिली नाही, कोणी भांडलं नाही. नुसती मोजून नेली. त्याच्या घरातून भांडी जाताना तोपर्यंत कधी कोणी मोजली नव्हती. हे हिराजीने मला दोनदा सांगितलं. काम गेल्याचं त्याने एका वाक्यात सांगितलं होतं.

मी गावकी बोलवायला लावली. देवळापुढे माणसं जमली. एकाने आधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं, जरा मोठ्यानेच. एक म्हातारे पंच म्हणाले, आडनावाचा काय खेल, पोराला काय दाखवायचा ते दाखवूं दे. दिवा मालवला. मी काळा शर्ट एका तरुणाच्या अंगात चढवला, त्याला पायरीवर उभा केला. पडद्यावर तो पांढरा झाला. बायकांमध्ये हसू फुटलं. कोणीतरी म्हणालं, नवरदेव दिसतंय. लोक पाळीपाळीने आपापलं कापड आणून दाखवायला लागले. एकीची काळी चंद्रकळा पांढरी झाली, दुसरीची काळीच राहिली. मेळा भरल्यासारखं झालं. मला वाटलं, जिंकलो.

मग पंच बोलले. त्यांचं बोलणं मी तेव्हा मानलं नाही, पण विसरलोही नाही.

"तू बोलतोस ता खरा हाय," ते म्हणाले. "आमी डोल्यांनी बघितला. पन तू काय दाखवलास? काला शर्ट पांढरा दिसतो. हिराजी नव्हता ता कुठं दाखवलास?"

मी म्हणालो, ते कोणीच दाखवू शकत नाही, कॅमेरा पण नाही.

"मग ज्यानं नाव घालवला त्यानंच येऊन परत द्यायचा. त्या शेठला आन हितं. या पायरीवर उभा राहून बोलू दे, मी चुकलो. भांडी त्याच टायमाला हिराजीच्या घरी पोचवतो, मी सोता उचलतो."

मी भांडलो. म्हटलं, शेठने तर नावच घेतलं नाही असं सांगतो, नाव तुम्ही लोकांनी घेतलंत. तुम्हीच परत द्या. यावर सगळे खाली बघायला लागले. पण भांडी हलली नाहीत. गावाला आपली चूक कळते, ती पहिल्यांदा बोलून दाखवायला मात्र दुसरा कोणीतरी लागतो. हरेशभाईंना कोणी लागलं नव्हतं.

शेठना निरोप पाठवले. मी पाठवले, पंचांनीही पाठवला. उत्तर आलं नाही. हिराजीने पुढे बदलापूरला बांधकामांवर रेती-विटा वाहिल्या, त्याच सोनिवलीच्या शेतांवर ज्या इमारती उठल्या त्यांच्यासाठी. गावातल्या लग्नाला जायचा, वाढायला उभा राहायचा नाही.

मी अजून कॅमेरे बसवतो. आता सीसीडी कोणी मागत नाही. सीमॉसचे मापाडी इतके तयार झालेत की चांदण्यात रंगीत चित्र येतं, काळं ते काळं आणि निळं ते निळं. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये जी चिप आहे तशी त्या काळी परसूदादाने बघितली असती तर रिमोट फेकून दिला असता. चौकाचौकात कॅमेरे आहेत. गिऱ्हाईक मला विचारतं, चित्र किती स्वच्छ येईल? मी सांगतो, फार स्वच्छ. पण चित्र स्वच्छ आलं म्हणजे बघणाऱ्याचं मन स्वच्छ आहे असं नाही. त्या संध्याकाळी चिपने आपलं काम बरोबर केलं होतं. जेवढा उजेड आला तेवढा मोजला. त्या उजेडाचा अर्थ ज्याला सगळ्यात चांगला कळत होता, तो गप्प राहिला. आम्ही धंदेवाले चिपा सुधारत बसलोय.

शेठ, या अंकाच्या मागच्या पानावर दरवर्षी तुमच्या कारखान्याची जाहिरात असते, म्हणजे अंक तुमच्या घरी येतो. तुम्ही वाचता हे मी धरून चालतो. हिराजी जिवंत आहे. पंच वारले, पण त्यांचा मुलगा गावकीत आहे आणि बापाचा शब्द त्याला मान्य आहे, मी विचारून आलोय. तुमच्याकडून कोणाला नुकसानभरपाई नको. तुम्हाला माहीत होतं की काळा शर्ट पांढरा दिसतो. माहीत असताना तुम्ही तो टीव्ही गेटवर का ठेवलात, याचं उत्तर सोनिवलीच्या देवळापुढे उभं राहून द्या. मला मिस्त्री म्हणून हाक मारली तरी चालेल. गाडी मी घेऊन येतो.